मातीचा वर्ग, मातीचा वर्ण

मातीला जात नसते, असे एक वाक्य कलेच्या वर्तुळात नेहमी ऐकू येते. वाक्य गोड आहे. परंतु ज्या समाजात पाण्याला जात होती, विहिरीला होती, माणसाच्या सावलीलाही होती, त्या समाजात माती तेवढी सुटली असेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. या वाक्याची तपासणी केली पाहिजे, असे मला अलीकडे एका विद्यार्थिनीमुळे वाटले.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी एक दिवस स्टाफरूममध्ये आली. शहरातल्या एका स्टुडिओने कुंभारकामाच्या प्राथमिक वर्गात विद्यार्थ्यांसाठी दोन जागा निम्म्या फीत ठेवल्या होत्या. तिला जायचे होते. "सर, तुम्ही केलाय ना तो वर्ग? तिथं नेमकं काय असतं? मला जमेल का?" एवढे विचारून ती थांबली आणि मग म्हणाली, "आई म्हणते, मी वीटभट्टीवर चिखल तुडवला तो तू चिखलातून सुटावीस म्हणून. आणि आता तू पैसे भरून पुन्हा चिखलात हात घालणार?"

मुलीचा प्रश्न साधा आहे. आईचा प्रश्न मात्र कलाविषयक चर्चेच्या मुळाशी जाणारा आहे. एकाच मातीत घातलेला एकीचा हात 'मजुरी' का ठरतो आणि दुसरीचा 'सर्जन' का ठरतो, हे आपल्या प्रस्थापित सौंदर्यशास्त्राने कधी सांगितलेले नाही. म्हणून दोघींनाही उत्तर द्यायचे मी ठरवले. दोन वर्षांपूर्वी आठ रविवार मी अशाच एका वर्गात काढले होते.

आधी मुलीचा प्रश्न. पहिल्या दिवशी चाकावर बसायला मिळेलच असे नाही. आधी माती मळावी लागते. कणीक मळतो तशीच, पण अंगाचा भार टाकून. मातीतली हवा निघावी आणि ओलावा सगळीकडे सारखा व्हावा यासाठी हे असते. चाकावर बसल्यावर गोळा बरोबर मध्यावर आणून स्थिर करायचा. ऐकायला सोपे वाटते, परंतु नवशिक्याच्या पहिल्या दोन-तीन बैठका यातच जातात. कोपरे मांडीवर घट्ट टेकवावी लागतात. जोर दंडाचा लावायचा नसतो, सगळ्या शरीराचा टेकू द्यायचा असतो. गोळा मध्यावर नसेल तर पुढचे सगळेच वाकडे जाते. मग अंगठ्याने खळगा पाडायचा आणि दोन्ही हातांच्या बोटांमध्ये भिंत धरून ती हळूहळू वर न्यायची. पाणी जास्त झाले किंवा भिंत फार पातळ झाली की भांडे खाली बसते. पहिली बरीचशी भांडी अशीच बसतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. न भाजलेली माती पुन्हा भिजवता येते आणि पुन्हा मळता येते.

नखे कापून जावे, जुने कपडे घालावेत. पाठ दुखेल. वाळलेल्या मातीची धूळ झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते आणि आयुष्यभर धुळीत काम करणाऱ्यांना त्यातून सिलिकोसिस होतो. स्टुडिओत ही सूचना भिंतीवर लावलेली असते. खाणीत आणि दगडफोडीच्या कामावर ती कुणी मजुरांना वाचून दाखवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

भांडे त्याच दिवशी घरी नेता येत नाही. ते सावकाश वाळवावे लागते. अर्धवट वाळल्यावर त्याचा तळ कोरतात. पुरते वाळल्यावर सुमारे हजार अंशांवर पहिली भाजणी होते, मग वर काचेचा लेप चढवतात आणि बाराशे अंशांच्या वर दुसरी भाजणी होते. या सगळ्यात भांडे दहा-बारा टक्क्यांनी आकसते आणि लेपाचा रंग वेगळाच निघतो. काहींना तडे जातात. आठ आठवड्यांनी हातात दोन-तीन लहान वाट्या आल्या तरी वर्ग सत्कारणी लागला असे समजावे.

तळ कोरण्याजोग्या अर्धवट वाळलेल्या मातीला स्टुडिओत 'लेदर-हार्ड' म्हणतात, म्हणजे चामड्याइतकी घट्ट. आमच्या वर्गात हा शब्द सगळे सहज उच्चारत होते. चामड्याला हात लावणाऱ्यांना ज्यांनी गावाबाहेर ठेवले, त्यांच्या नातवंडांच्या तोंडी चामड्याचा शब्द कलेची परिभाषा म्हणून आला होता. इंग्रजीतून आला म्हणूनच तो बाटला नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. त्याची गाठ नावाशी आहे. स्टुडिओत भांडे भट्टीत जाण्यापूर्वी त्याच्या तळाशी सुईने आपली आद्याक्षरे कोरायला सांगतात. एकाच भट्टीत अनेकांची भांडी असतात, म्हणून ही व्यवस्था. परंतु तिचा अर्थ सोयीपुरता नाही. वीटभट्टीवरच्या विटेवरही आद्याक्षरे असतात. ती साच्यातूनच उठतात आणि ती भट्टीमालकाची असतात. वीट थापणाऱ्या बाईच्या हाताचा ठसा विटेवर राहत नाही.

आमच्या स्टुडिओच्या फळीवर बर्नार्ड लीच यांचे १९४० सालचे 'अ पॉटर्स बुक' होते आणि शेजारी सोएत्सु यानागी यांचे 'द अननोन क्राफ्ट्समन' होते. यानागी हे जपानी विचारवंत. त्यांचे हे लेखन लीच यांनी इंग्रजीत आणून १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव न मिरवणाऱ्या गरीब कारागिराने रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत खरे सौंदर्य असते, असा त्यांचा सिद्धांत. अभिजनांच्या दिवाणखान्यातून सौंदर्य काढून त्यांनी ते गरिबाच्या भातवाडग्यात दाखवले, हे त्यांचे मोठेपण मान्य केले पाहिजे. परंतु हा सिद्धांत आपल्याकडे जसाच्या तसा उचलला की घोटाळा होतो. आमच्या गावगाड्यातला कुंभार नम्रतेमुळे अनामिक राहिला नाही. गाव त्याला नावाने ओळखतच नव्हते. तो बलुतेदार होता, सुगीला धान्य घेणारा, आणि जात हेच त्याचे नाव होते. ज्याला नाव मिळाले आहे त्याने ते सोडणे हा त्याग असतो. ज्याला ते कधी मिळालेच नाही त्याच्या अनामिकतेचे कौतुक करणे मला अश्लील वाटते.

हे चित्र जुने झाले असे कुणी म्हणू नये. आमच्या वर्गात माती तयार करायला आणि भट्टी लावायला एक वयस्कर कुंभार होते. आमचा हलणारा गोळा ते दोन बोटांनी मध्यावर आणून देत. खरे तर निम्मे शिक्षण त्यांनीच दिले. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही 'मॅडम' म्हणत होतो आणि त्यांना 'मामा'. प्रमाणपत्रावर सही मॅडमची होती. बाई भल्या होत्या, त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. व्यवस्था चालू राहायला कुणाच्या मनात वाईट असावेच लागते असे नाही.

मात्र कुंभाराची बाजू घेताना आपण आपला इतिहासही विसरू नये. वर्णव्यवस्थेची रचनाच अशी की पायरीवरचा प्रत्येकजण खालच्याला दूर ठेवतो. मडके घ्यायचे तर वाजवून घ्यावे, हा आपल्याकडचा जुना शहाणपणा. गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने वाजवून पाहिली आणि नामदेव कच्चे ठरवले, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरात माहीत आहे. माझ्या आजीला मात्र मडके वाजवून घ्यायची सोय नव्हती. कुंभार मडके जमिनीवर ठेवून मागे सरे, आजी धान्य जमिनीवर ठेवी. हात लावला की मडके बाटले, म्हणजे ते तिचेच झाले, मग तडकलेले का असेना. पाणी गळणारे मडके ती धान्य ठेवायला वापरी आणि पाण्यासाठी पुन्हा कुंभाराच्या दारी जाई.

ही केवळ गावची रीत नव्हती. चांडाळांनी फुटक्या भांड्यांतून जेवावे, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सनातन्यांनी १०८ घागरी पंचगव्य वापरून ते तळे 'शुद्ध' केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृती जाळली गेली. आणि २०२२ साली राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यात एका नऊ वर्षांच्या दलित मुलाचा मृत्यू झाला. शाळेतल्या मडक्याला हात लावला म्हणून शिक्षकाने मारले, अशी त्याच्या घरच्यांची तक्रार होती. मातीला जात नसते म्हणणाऱ्यांनी या मडक्यांकडे एकदा पाहावे.

मग त्या मुलीने वर्गाला जाऊ नये काय? माझे उत्तर आहे, जरूर जावे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' या लिहिलेल्या भाषणात मांडले. त्यांचा आक्षेप मातीवर नव्हता, चामड्यावरही नव्हता. जन्माने काम ठरावे आणि ते सोडता येऊ नये, यावर होता. या कसोटीवर आजच्या गोष्टीही पारखाव्या लागतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना आणली. त्यात कुंभारकामासह १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. कारागिराला अवजारे आणि कर्ज मिळावे हे योग्यच. परंतु कुटुंबाच्या परंपरेची अट काढावी, अशी मागणी तामिळनाडू सरकारने केली आणि २०२४ मध्ये ती योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. तो आक्षेप मला रास्त वाटतो. योजनेच्या दारावर बापाचा धंदा विचारतात आणि स्टुडिओच्या दारावर फी मागतात. आठ रविवारांचे मी सहा हजार रुपये भरले होते, आणि रस्त्याकडेला अख्खा माठ दीड-दोनशेला मिळतो. तरीही स्टुडिओची एक गोष्ट मला मोलाची वाटते. तिथे चाकावर कुणीही बसू शकते. अनेक कुंभार कुटुंबांत माती कालवणाऱ्या बायकांना चाकाला हात लावायची परवानगी नसे. आमच्या वर्गात चाकावर निम्म्याहून अधिक बायका होत्या.

आठव्या रविवारी भाजलेली भांडी आमच्या हातात आली. मॅडम म्हणाल्या, बोटाच्या पेराने वाजवून पाहा. माझी एक वाटी खणखणली. दुसरी बद्द वाजली, तिच्या तळाला केसाएवढा तडा होता. मामांनी तो लांबूनच आवाजावरून ओळखला होता. आमच्या घराण्यात स्वतः घडवलेले भांडे वाजवून पाहणारा मी पहिला माणूस. ती बद्द वाजणारी वाटीही मी ठेवली आहे, कारण ती बद्द आहे हे मला कळले.

विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले. आईला एकदा बरोबर घेऊन जा. माती किती ओली हवी, हे तिच्या पायांना तुझ्या मॅडमइतकेच कळते. मामांना त्यांचे नाव विचार आणि त्यांना 'सर' म्हण. आपल्याला कुंभारकाम येते असे आठ रविवारांनी समजू नकोस. आणि तळाशी आद्याक्षरे कोरू नकोस, पूर्ण नाव लिही.

तिच्या आईला मात्र अजून पूर्ण उत्तर देता आलेले नाही. तिने थापलेल्या विटांच्या भिंती या शहरात उभ्या आहेत आणि त्यांच्या पोटात भट्टीमालकाची आद्याक्षरे आहेत. त्या विटांवर तिचे नाव कसे येईल, हा प्रश्न कुंभारकामाच्या वर्गात सुटणारा नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे, आणि आपल्या समीक्षेनेही तो आपला मानला पाहिजे.