विधी आणि कुलूप : विमानातील मालबंधनाच्या भाषेची चिकित्सा

विमानातील माल सुरक्षित राहावा म्हणून योजलेली कुलपे, कड्या, खिट्ट्या आणि पट्टे यांचा विचार आजवर मुख्यत्वे बलाच्या हिशेबाने झाला आहे. कोणते साधन किती ओढ सोसेल, एवढाच प्रश्न त्यात विचारला जातो. परंतु कुलपाचे कार्य दुहेरी असते. ते वस्तू धरून ठेवते आणि ती धरली गेली आहे, असे पाहणाऱ्यास सांगते. पहिले कार्य धातूचे, दुसरे अर्थाचे. या दुसऱ्या कार्याची उपेक्षा झाली म्हणजे काय घडते, हे दोन विमान-अपघातांच्या चौकशीतून स्पष्ट दिसते. आणि भाषेच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे त्यात पुष्कळ आहे.

मीमांसाशास्त्रात 'अमुक आहे' असे सांगणारे सिद्धार्थबोधक वाक्य आणि 'अमुक करावे' असे सांगणारे विधिवाक्य यांत भेद केला जातो. विधीला अधिकारी लागतो, म्हणजे ज्याला उद्देशून तो सांगितला आहे आणि जो तो पार पाडण्यास समर्थ आहे, असा कर्ता लागतो. शिवाय साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता, म्हणजे काय, कशाने आणि कसे, या तिन्ही आकांक्षा पुऱ्या व्हाव्या लागतात. यज्ञकर्माच्या विचारातून घडलेली ही परिभाषा प्रस्तुत विषयासही उपकारक ठरते.

पहिले उदाहरण मॅकडोनेल डग्लस कंपनीच्या डीसी-१० विमानाचे. त्याच्या मागील मालकक्षाचा दरवाजा बाहेरच्या बाजूस उघडे. विजेच्या मोटरीने कड्या चौकटीवर बसत. नंतर बाहेरचा दांडा दाबला की कुलूपखिट्ट्या सरकून कड्यांना उलटू देत नसत, आणि त्याच दांड्याने दरवाजातील एक लहान झडप मिटे. दांडा जागी आणि झडप मिटलेली, म्हणजे दरवाजा कुलूपबंद, असा हा संकेत होता. दोष असा की, कड्या पुऱ्या बसल्या नसतानाही आतील जोडदांडे वाकून दांडा जागी जाऊ शके. संकेत पूर्ण होई. त्याचा अर्थ मात्र असत्य असे.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकन एअरलाइन्सच्या अशाच विमानाचा हा दरवाजा कॅनडातील विंडसरजवळ आकाशात उघडला. विमान सुखरूप उतरले. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली की, खिट्ट्या पूर्ण बसल्यावाचून दांडा व झडप बंद स्थितीत जाणेच अशक्य व्हावे. भाषेच्या अंगाने पाहता या शिफारशीचा आशय असा की, जे खरे नाही ते यंत्राला बोलताच येऊ नये. ही सुधारणा त्या वेळी सक्तीची झाली नाही. तिच्याऐवजी खिट्टी पाहण्यासाठी दरवाजात एक लहानशी काच बसविण्यात आली आणि सूचनाफलक लावण्यात आला. यंत्राने स्वतः द्यावयाच्या ग्वाहीची जागा अशा रीतीने विधीने घेतली.

३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० विमान पॅरिसजवळील एर्मेनोनव्हिलच्या अरण्यात कोसळले आणि ३४६ माणसे मृत्यू पावली. दरवाजावरील सूचना इंग्रजी व तुर्की भाषांत होत्या. पॅरिसच्या विमानतळावर तो दरवाजा लावणारा अल्जीरियन कामगार तीन भाषा लिहू-वाचू शकत होता. परंतु त्यांत या दोन्ही भाषा नव्हत्या. विधी होता, अधिकारी नव्हता. येथे कामगाराच्या अज्ञानाला बोल लावणे हे विवेचन नव्हे. फलक लिहिणाऱ्यांनी तो कोण वाचणार, हा प्रश्नच विचारला नव्हता. भर म्हणजे १९७२ नंतर ठरलेली एक आधारपट्टी या विमानात बसविल्याची नोंद कागदोपत्री होती. प्रत्यक्षात ती बसविलेली नव्हती. म्हणजे दांड्याप्रमाणे कागदही असत्य बोलत होता.

दुसरे उदाहरण २९ एप्रिल २०१३ चे. नॅशनल एअरलाइन्सचे बोइंग ७४७-४०० मालवाहू विमान अफगाणिस्तानातील बगराम येथून उडताच कोसळले व त्यातील सातही जण मृत्यू पावले. विमानात पाच चिलखती वाहने होती; दोन सुमारे १२ टनांची, तीन सुमारे १८ टनांची. सामान्यतः माल ठरावीक मापाच्या पॅलेटवर बांधतात आणि विमानाच्या तळावरील कुलपे त्या पॅलेटच्या कडा पकडतात. ही वाहने मध्यरेषेवरील 'तरंगत्या' पॅलेटांवर होती. ती पॅलेटे कुलपांच्या पकडीत येत नव्हती. सारी भिस्त पट्ट्यांवर होती. पट्ट्याची नोंदलेली ताकद सरळ ओढीतील असते; मालाच्या सरकण्याच्या दिशेशी त्याने ६० अंशांचा कोन केला, तर त्या दिशेने निम्मीच उपयोगी पडते.

२०१५ च्या चौकशी अहवालाने बोट ठेवले ते कंपनीच्या माल-पुस्तिकेवर. विमानाच्या आणि कुलूपयंत्रणेच्या निर्मात्यांनी दिलेली आवश्यक माहिती तीत गाळली होती आणि बांधणीच्या सदोष पद्धती दिल्या होत्या. साध्य सांगितलेले, साधन हाती दिलेले, इतिकर्तव्यता मात्र चुकलेली, अशी ही स्थिती. बगरामच्या थांब्यात एक पट्टा तुटल्याचे वैमानिकांच्या संभाषणात आले होते. तुटका पट्टा हेही एक सिद्धार्थबोधक वाक्यच होते. परंतु बांधणीच अपुरी आहे, असा अर्थ त्यातून काढला गेला नाही. उड्डाणानंतर मागे सरकलेल्या मालाने दोन हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीच्या आडव्या पंखाची चालकयंत्रणा निकामी केली.

हे सर्व दोष मुळात रचनेचे व देखरेखीचे आहेत, त्यांत भाषेचा प्रश्न कोठे येतो, असा आक्षेप संभवतो. तो अर्धाच खरा आहे. दोन्ही उदाहरणांचे निदान सारखे नाही. डीसी-१० च्या बाबतीत जे धातूने करता येण्याजोगे होते ते शब्दांवर सोपविले गेले. तेथे उत्तम फलकही अपुराच ठरला असता. बगरामच्या बाबतीत कुलूप लागूच पडत नव्हते. तेथे शब्दांवाचून गत्यंतर नव्हते, आणि म्हणून ते पूर्ण व अचूक असणे हाच मालाचा खरा आधार होता. धातूचे काम कोणते आणि भाषेचे कोणते, हा विवेक दोन्हीकडे सुटला.

मराठी परिभाषेच्या दृष्टीनेही यातून एक बोध निघतो. 'दार बंद आहे' हे वाक्य लोटलेल्या, कडी घातलेल्या आणि कुलूप लावलेल्या अशा तिन्ही दारांना मराठीत चालते. घरात त्याने काही बिघडत नाही. परंतु डीसी-१० चा दरवाजा पहिल्या अर्थाने बंद होता आणि तिसऱ्या अर्थाने नव्हता. कडी, खिट्टी व कुलूप हे शब्द मराठीत पूर्वापार वेगळे आहेत. तांत्रिक मराठी लिहिणाऱ्याने 'बंद' या एकाच शब्दाखाली त्यांचे भेद पुसू नयेत, आणि प्रत्येक सूचनेपाशी ती कोणासाठी लिहिली आहे, हे आधी ठरवावे.