सावलीची पकड

भयपट म्हटला की करकरणारी दारे आणि किंकाळ्या आठवतात. फ्रीड्रिश मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ हा जर्मन चित्रपट १९२२ सालचा, म्हणजे मूकपट. त्याच्या पडद्यावर किंकाळी नाही. त्यातली भीती मुख्यतः प्रकाश आणि सावली यांतून उभी राहते. म्हणून विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो एकदा तरी पाहावा.

कथा ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून, परवानगी न घेता उचललेली. रक्तपिपासू काउंट ओर्लोक शेवटी एलेनच्या घरात शिरतो. जिना चढताना तो स्वतः दिसतच नाही. भिंतीवर सरकते ती फक्त सावली : वाकलेली पाठ आणि लांबच लांब बोटे. यामागे आपण वर्गात शिकवतो तेच प्रकाशशास्त्र आहे. दिवा आणि भिंत यांच्या बरोबर मध्ये वस्तू धरली तर सावली दुप्पट होते. दिव्याजवळ नेली की आणखी वाढते. प्रकाशस्रोत लहान असला तर उपच्छाया अरुंद राहते आणि कडा रेखीव उमटतात. किरण भिंतीवर तिरपे पडले की सावली ताणली जाते.

याच्या दोन वर्षे आधीच्या ‘डॉ. कॅलिगारी’ या चित्रपटात सावल्या चक्क नेपथ्यावर रंगवल्या होत्या. त्या कोणत्याच दिव्याचे ऐकत नाहीत, त्यामुळे ते जग वेड्या मनातले वाटते. मुर्नाऊ यांची वाट उलटी आहे. त्यांची सावली नियम पाळते, म्हणून आपला तिच्यावर विश्वास बसतो. मग एकच नियम मोडतो. हाताची सावली एलेनच्या पांढऱ्या वस्त्रावरून वर सरकते, हृदयाशी मूठ आवळते आणि एलेन कळवळते. सावली म्हणजे प्रकाशाचा अभाव. अभावाला पकड कुठून आली? इथेच अंगावर काटा येतो.

चित्रपटाची कमकुवत बाजूही प्रकाशाचीच आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो. उन्हाने त्याचा नाश होतो ही कल्पना या चित्रपटाची. तेव्हा इथे रात्र आणि दिवस स्पष्ट वेगळे दिसायला हवेत. पण त्या काळची फिल्म फार मंद होती, त्यामुळे बाहेरची रात्रीची दृश्ये भर दिवसा चित्रित करून प्रती निळ्या रंगात बुडवल्या जात. पुढे साध्या कृष्णधवल प्रती फिरल्या. त्यांत ओर्लोक लख्ख उन्हात शवपेटी काखेत घेऊन गावातून चालतो, आणि थोड्या वेळाने उन्हानेच मरतो! प्रेक्षक हसला तर त्याचा काय दोष? अलीकडे मूळ रंगछटांसह प्रती तयार झाल्या आहेत. पाहायची तर तीच प्रत पाहावी.

मात्र जिन्यावरच्या दृश्याचे कोणत्याही प्रतीत काही बिघडत नाही. तिथला अर्थ दिवा, माणूस आणि भिंत यांच्या मांडणीतच आहे. बाहेरच्या रात्रीचा अर्थ नंतर दिलेल्या रंगावर सोपवला होता. रंग गेला, तोही गेला.

वर्गात चित्रपट दाखवायची गरज नाही. मेणबत्ती, पुठ्ठ्याचा हात आणि एक भिंत पुरे. हात ज्योतीकडे सरकवताना मुलांना विचारा : हात तेवढाच आहे, मग भीती का वाढली?