फिरत्या ओंडक्यावर करवत

लेथवर चढवलेलं लाकूड गोल होणारच. लाटणं, पलंगाचे खूर, बुद्धिबळातली प्यादी, सगळ्यांचा जन्म त्याच फिरकीतला. शिल्पकाराची अडचण नेमकी हीच. वस्तू सगळ्या बाजूंनी सारखी असेल, तर बघणाऱ्याने तिच्याभोवती फिरायचं कशाला?

अमेरिकेत जेम्स प्रेस्टिनींनी ही अडचण बाजूला ठेवली आणि काचेसारख्या पातळ कडांचे वाडगे कातून लेथला संग्रहालयात नेलं. शिल्पकार मार्क लिंडक्विस्ट (जन्म 1949) तिच्याशी भांडले. वडील मेल स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला, म्हणून यंत्र ओळखीचं होतं. बापलेकांनी हातात घेतलं ते लाकूड मात्र इतर कातारी सरळ शेकोटीत टाकत. पडून राहिलेल्या मॅपलच्या ओंडक्यात बुरशी शिरते. दोन बुरशींच्या हद्दी भिडतात तिथे काळी रेघ उठते, टाकाने ओढल्यासारखी बारीक. त्याच ओंडक्यात एक इंच टणक, तर पुढचा भुसभुशीत. पटाशी मऊ जागी रुतते आणि तंतूच उपटून काढते, म्हणून भिस्त घासण्यावर जास्त. आतली रेघ कुठे वळेल हे कातणाऱ्याला ठाऊक नसतं. थांबायचं कुठे, एवढंच त्याच्या हातात. माझ्या मते लिंडक्विस्ट यांचं सर्वांत अस्सल काम याच लाकडाच्या वाडग्यांत आहे.

पुढे त्यांनी लेथवर फिरत्या ओंडक्याला चेनसॉ लावली. दातांच्या खाचा तशाच ठेवल्या. आपण रेखीव नाकाला कातीव म्हणतो. इथे वस्तू लेथवरची असूनही त्या अर्थाने अजिबात कातीव नाही. गोलाई आतून जाणवते, वर ओरखडे. ‘टोटेमिक’ आणि ‘इचिबोकु’ मालिकांतल्या उंच खांबांत मात्र शिल्पकार ब्रांकुसी फार जवळ उभा दिसतो. त्याने 1918 मध्येच ओकचा ‘अंतहीन स्तंभ’ घडवला होता. आकार वाढला म्हणून धाडस वाढलं असं मला वाटत नाही.

1978 मध्ये बापलेकांचं काम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतलं. मार्क यांच्या 1995 च्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचं नाव ‘रेव्होल्यूशन्स इन वुड’; लाकडाचे फेरे आणि लाकडातली क्रांती, हा श्लेष मराठीत एका शब्दात बसत नाही. ते रेन्विक गॅलरीतही मांडलं गेलं. पण रेन्विक ही स्मिथसोनियनची हस्तकलेची शाखा. लेथवरची वस्तू शिल्प की हस्तकला, हा वाद तिथे आधीच मिटवलेला.

लिंडक्विस्ट यांचं ‘स्कल्प्टिंग वुड’ हे पुस्तक आलं 1986 मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत कातकाम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. शिष्य उदंड झाले आणि युक्त्या पसरल्या. आता कित्येक जण मॅपलचे तुकडे ओलसर पाचोळ्यासह पिशवीत बांधून काही महिने कोपऱ्यात ठेवतात, मधूनमधून उघडून बघतात, काळी रेघ उमटली का.