समवाय आणि शिक्षकाची सिद्धता : पवनारच्या संदर्भात

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण-परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिचे विनोबा भावे हे एक सदस्य होते. समितीच्या अहवालातील हस्तोद्योगावर वाद पुष्कळ झाला. शिक्षकांच्या सिद्धतेविषयीचा भाग मात्र त्या मानाने उपेक्षितच राहिला. वस्तुतः योजनेचे मर्म तेथेच होते. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगास दिल्यावर भाषा, गणित, समाजशास्त्र हे विषय शक्यतो त्या उद्योगाच्याच आश्रयाने शिकवावयाचे होते. शिकविणारा स्वतः त्या वाटेने शिकलेला नसेल, तर समवाय ओढूनताणून जुळविलेला होणार, हे उघड आहे. समितीने पूर्ण शिक्षणक्रम तीन वर्षांचा सांगितला. पण निकडीपोटी एक वर्षाचा क्रमही मान्य केला. ही सवलत योजनेला बाधली, असे म्हणावे लागते.

समवायाचे उत्तम उदाहरण पवनारलाच आहे. धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात जमीन खणताना जुन्या मूर्ती सापडल्या. भरत-रामभेटीचे शिल्प त्यांतलेच. पवनार म्हणजेच वाकाटकांचे प्रवरपूर, हे मत म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले. पुढे काही अभ्यासकांनी प्रवरपूर मनसरला असल्याचा पक्ष घेतला. कुदळीपासून पुराव्याच्या वादापर्यंत जाणारा असा पाठ छात्राध्यापकाला क्वचितच मिळतो. तो सहलीत मूर्ती पाहतो आणि परत येऊन ‘समवाय’ या प्रकरणावर टिपण लिहितो!

विनोबांच्या विवेचनातही उणीव आहे. त्यांचा सारा भर शिक्षकाच्या वृत्तीवर. ती वृत्ती सामान्य विद्यार्थ्यात कशी घडवावी, याची पद्धती त्यांच्या शिक्षणविषयक लेखनातून हाती लागत नाही. ते काम विद्यापीठांचे होते. अध्यापक महाविद्यालये विद्यापीठीय जीवनापासून आणि शाळांपासूनही तुटलेली आहेत, असे कोठारी आयोगाने १९६६ साली बजावले होते. इतिहासाचा प्राध्यापक आणि अध्यापनशास्त्राचा प्राध्यापक एकाच पाठाचे परीक्षण करीत नाहीत, तोवर हे तुटलेपण जाणार नाही.

२०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले व वीस आठवड्यांची आंतरवासिता घातली. मृगाच्या पेरणीपासून कापसाच्या पहिल्या वेचणीपर्यंत जवळजवळ तेवढाच काळ जातो. परंतु हे आठवडे दोन वर्षांत चार आणि सोळा असे विभागले गेले; त्यामुळे वर्धा जिल्ह्यातील छात्राध्यापकाला एकाच शाळेत राहून एक संपूर्ण पीकही पाहता येत नाही.