युद्धपट, दिवाणखाना आणि हरवलेली पहाट

चित्रपटाचे परीक्षण बहुधा तो चित्रपटगृहात असतानाच लिहिले जाते. पुढे तो घरच्या पडद्यावर कोणत्या रूपाने पोहोचतो, याकडे परीक्षक सहसा वळून पाहत नाहीत. वस्तुतः आपल्या परिचयातील कितीतरी कुटुंबांनी ‘बॉर्डर’ पाहिला तो कॅसेटवर, व्हीसीडीवर किंवा दूरचित्रवाणीवर. तेव्हा या घरगुती रूपाचेही परीक्षण व्हावयास हवे, असे आम्हांस वाटते. हा केवळ यंत्राचा प्रश्न नाही. चित्र आणि ध्वनी बिघडला की कलाकृतीचा अर्थही बिघडतो, आणि युद्धपटाच्या बाबतीत हा बिघाड साधा नसतो.

जे. पी. दत्ता यांचा हा चित्रपट १९९७ साली प्रदर्शित झाला. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री राजस्थानातील लोंगेवाला ठाण्यावर झालेली लढाई हा त्याचा विषय. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या नेतृत्वाखाली २३ पंजाबच्या सुमारे १२० जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांना रात्रभर रोखून धरले. हवाई दलाच्या हंटर विमानांना रात्री हल्ला करणे शक्य नव्हते, म्हणून उजाडेपर्यंत तग धरणे एवढेच जवानांच्या हाती होते. पहाट झाली, विमाने आली आणि लढाईचे पारडे फिरले. म्हणजे या कथेचा सारा ताण रात्र आणि पहाट यांच्यामधील अंतरावर उभा आहे. हे अंतर डोळ्यांना दिसले नाही, तर उरते ती नुसती गोळाबारी.

आम्ही त्या वेळी नागपूरला सेमिनरीत शिकत होतो. सुटीच्या दिवशी आम्ही काही विद्यार्थ्यांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला. काही महिन्यांनी करमणुकीच्या खोलीत व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणून त्याची कॅसेट लावली. तोच चित्रपट, तीच माणसे. पण आपण दुसरेच काही पाहत आहोत, असे वाटू लागले. त्या वेळी कारण उमगले नव्हते. आज ते नेमके सांगता येते.

पहिले कारण रुंदीचे. सिनेमास्कोपचे चित्र उंचीच्या २.३५ पट रुंद असते. जुन्या टीव्हीचा पडदा १.३३ पट. काच भरून टाकण्यासाठी कडा कापल्या की चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो. वाळवंटात दोन माणसे दोन टोकांना उभी असली, तर बोलणारा दिसतो आणि ऐकणारा पडद्याबाहेर जातो. जे कापले गेले ते केवळ आकाश आणि वाळू नव्हे. शेजारचा माणूस कापला गेला. त्या मानाने चेतन आनंद यांचा १९६४ चा कृष्णधवल ‘हकीकत’ सुदैवी म्हणावयाचा. त्याची चौकटच टीव्हीच्या आकाराच्या जवळ असल्याने घरी आल्यावर त्याच्या कडा फारशा झिजल्या नाहीत.

दुसरे कारण अंधाराचे. व्हीएचएस फितीवर चित्राचा तपशील जेमतेम २४० रेषांइतका उतरतो, आणि प्रतीवरून प्रत काढली की तोही विरत जातो. काळोखात मुंग्या आल्यासारखे ठिपके वळवळतात. पुढे व्हीसीडी आली. ती फितीसारखी झिजत नसे, परंतु तिच्यात चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंत कोंबलेले असे. गडद निळ्यातून काळ्याकडे जाणारी छटा तिला पेलत नसे. आकाशात चौकोनी ठोकळे उमटत. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटेच मावत असल्याने या चित्रपटाला तीन तबकड्या लागत, आणि ऐन ताणाच्या क्षणी कोणीतरी उठून तबकडी बदलावी लागे. अशा प्रतीत रात्रही राखाडी आणि पहाटही राखाडी. पहारेकरी ज्या उजेडाची वाट पाहतो, तो उजेड आला हे प्रेक्षकाला विमानांच्या आवाजावरूनच कळावयाचे.

तिसरे कारण त्या आवाजाचे. चित्रपटगृहात कुजबुज आणि तोफ यांच्यामध्ये मोठे अंतर राखलेले असते. फितीच्या साध्या ध्वनिपट्टीवर हे अंतर आक्रसते आणि खालचा भाग खरखरीत बुडतो. डीव्हीडीने सहा मार्गांचा ध्वनी घरात आणला खरा. परंतु त्यात संवाद मुख्यतः मधल्या मार्गात असतात, आणि टीव्हीच्या दोन बारीक कर्ण्यांत सारे एकत्र ओतले की संवाद दबतात. मग घरचा माणूस संवादासाठी आवाज वाढवतो आणि स्फोट झाला की धावत जाऊन कमी करतो. जवान घरच्या पत्राविषयी हळू आवाजात बोलतो, ते नीट ऐकू येत नाही. स्फोट मात्र दोन घरे पलीकडेही जातो.

याबाबतीत एका जाणत्या माणसाचे मत आम्हांस मोलाचे वाटते. कामठी आमच्या शेजारी. गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तेथे आहे. याच रेजिमेंटच्या १४ व्या पलटणीतील लान्स नाईक अल्बर्ट एक्का हे ख्रिस्ती आदिवासी वीर ३ डिसेंबर १९७१ रोजी गंगासागरच्या लढाईत धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी ठरले. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध निवृत्त सैनिक मध्यंतरी सभागृहात आमच्याबरोबर हा चित्रपट पाहावयास बसले होते. मध्येच ते म्हणाले, “फादर, रात्री आम्हाला काही दिसत नसे, हे खरं. पण ऐकू सगळं यायचं. बाजूचा जवान श्वास घेतो आहे की नाही, तेसुद्धा.” पडद्यावर त्या क्षणी तोफा धडधडत होत्या. श्वास कोणाचाच ऐकू येत नव्हता.

आमच्या मते खरा घात आणखी पुढे आहे. हा चित्रपट विजयाच्या आरोळीवर संपत नाही. अखेरीस शत्रूलाच भाऊ म्हणून हाक घालणारे जावेद अख्तर यांचे गीत येते. या चित्रपटासाठी त्यांना गीतकाराचे आणि हे गीत गाणाऱ्या हरिहरन यांना गायनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. सेमिनरीत आम्ही लावलेल्या कॅसेटवर जाहिरातींना भरपूर जागा होती, आणि फीत संपली ती या गीताच्या सुरुवातीलाच. पडद्यावर पांढरा पाऊस पडू लागला, कोणीतरी दिवे लावले, आणि आम्ही भावी धर्मगुरू विजयाच्या घोषणा देत जेवणघराकडे निघालो. मोठ्या पडद्यावर हेच गीत ऐकून आम्ही गप्प बाहेर पडलो होतो. दिग्दर्शकाने तीन तास ज्या शब्दापर्यंत आणले, तो शब्दच गळून पडला होता, आणि त्याची उणीव आम्हांला भासलीही नव्हती. ही आठवण आजही आम्हांस खजील करते.

आज चित्र लख्ख झाले आहे, म्हणून सारे साधले असे मात्र नव्हे. ‘पॅटन’ या १९७० च्या प्रसिद्ध युद्धपटाची २००८ साली निघालेली ब्ल्यू-रे प्रत इतकी घासूनपुसून काढली होती की चेहरे मेणाचे वाटावेत. टीका झाली आणि २०१२ साली नवी प्रत काढावी लागली. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ची २०१० ची अमेरिकेतील तबकडी चित्र आणि ध्वनी यांचा मेळ चुकल्यामुळे परत घेऊन बदलून द्यावी लागली. त्या चित्रपटात छायालेखक यानुश कमिन्स्की यांनी रंग मुद्दाम फिके ठेवले आहेत. टीव्हीवर रंगांची बटणे चढवून ते ‘सुधारणारा’ प्रेक्षक नकळत रणभूमीला जत्रेचा रंग देत असतो.

तेव्हा वाचकांना आमची विनंती साधी आहे. वरखाली काळ्या पट्ट्या असलेली प्रत दिसली, तर चित्र कापले असे समजू नये. ते पूर्ण आहे. खोलीतील दिवे मालवावेत. रंग भडक करणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी योजना टीव्हीवर असते, ती बंद करावी. शक्य तर वेगळे कर्णे जोडावेत. आणि शेवटचे गीत संपेपर्यंत कोणी उठू नये.

गेल्या वेळी सभागृहात आम्ही हे सारे पाळले. पडद्यावर पहाट खरोखरीच उजाडली. गीत संपले तरी दिवे लावावयास कोणी उठले नाही. ते वृद्ध सैनिक बराच वेळ बसून होते. घोषणा कोणीच दिली नाही.