सांगोला : व्यक्तिचित्रात न मावणारा मतदारसंघ

३० जुलै २०२१ रोजी गणपतराव देशमुख गेले. त्यांच्यावर त्या दिवसांत जे लिहून आले त्याची घडण बहुतेक ठिकाणी एकसारखी आहे. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातर्फे अकरा वेळा आमदार. एसटीचा प्रवास, साधी राहणी, सभागृहातली अभ्यासू उपस्थिती. सांगोला या लेखांत येतो तो देखाव्यासारखा, आणि मतदार येतो तो निष्ठावंत जनता म्हणून. वाङ्मयप्रकाराच्या भाषेत सांगायचे तर ही सगळी व्यक्तिचित्रे आहेत. मराठीला हा प्रकार चांगला साधतो. माणदेशाची आपली ओळखही व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मुळेच झाली. पण मतदारसंघाचा इतिहास ही निराळी चीज आहे. तो व्यक्तिचित्राच्या साच्यात ओतला की काय काय सांडते, हे मला सांगोल्याच्या आधारे पाहायचे आहे.

गणपतरावांचे विजय १९६२, १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे आहेत. या यादीतल्या वर्षांपेक्षा तिच्यातल्या फटी मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली फट १९७२ ची. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्या साली काँग्रेसने राज्यातल्या २७० पैकी २२२ जागा घेतल्या होत्या. तेव्हा या पराभवाला ‘लाट’ हे उत्तर पुरते. पण साळुंखे यांच्या निधनामुळे पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव परतले, ते १९७४ साली. म्हणजे बहात्तरच्या महादुष्काळात सांगोल्याचा आमदार हा माणूस नव्हता. दुष्काळी तालुक्याचा कैवारी अशी ज्यांची प्रतिमा आहे, ते राज्याच्या सर्वांत मोठ्या दुष्काळात सभागृहाबाहेर होते, आणि दुष्काळ सरताच मतदारांनी त्यांना आत पाठवले. चरित्रकाराला याहून चांगले प्रकरण कुठले मिळणार? तरीही ते बहुधा एका वाक्यात उरकले जाते, कारण अकराच्या आकड्याला त्याने गालबोट लागते.

दुसरी फट १९९५ ची, आणि इथे लाटेचे उत्तर मुळीच चालत नाही. राज्य काँग्रेसच्या हातून निसटून शिवसेना-भाजप युतीकडे गेले त्याच निवडणुकीत सांगोल्याने मात्र शेतकरी कामगार पक्षाचा आमदार घालवून काँग्रेसचा आणला. शहाजीबापू पाटील अवघ्या १९२ मतांनी विजयी झाले. राज्याचा वारा एका दिशेला आणि तालुक्याचा नेमका उलट. इथली लढत मुंबईत ठरत नव्हती, ती तालुक्यातल्या दोन गटांत लढली जात होती आणि ते दोन गट तुल्यबळ होते, असाच याचा अर्थ मी लावतो. १९९९ साली काँग्रेस फुटली आणि गणपतराव पुन्हा निवडून आले, हाही मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

‘बालेकिल्ला’ हा शब्द म्हणूनच मला खटकतो. बालेकिल्ल्यात १९२ मतांनी हार-जीत होत नसते. पाच वर्षांनी पुन्हा पुन्हा जिंकून घ्यावा लागणारा तो मुलूख होता आणि ते जिंकणे साधेपणावर होत नव्हते. त्यामागे गावोगावचे कार्यकर्ते होते, सहकारी सूतगिरणी होती, आणि सर्वांत वर पाणी होते. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत तेरा दुष्काळी तालुक्यांसाठी पाणी परिषदा भरवणारे गणपतराव हे व्यक्तिचित्रातल्या गणपतरावांपेक्षा कितीतरी मोठे आहेत. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलायचे आणि टप्प्याटप्प्याने चढवत माणदेशात आणायचे, ही मागणी एका आमदाराच्या सज्जनपणाची नव्हे. ती नदीखोऱ्याच्या वाटणीची, म्हणजे शुद्ध राजकारणाची मागणी होती. सांगोला या योजनेच्या शेवटच्या टोकाला आहे. शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आमदार लागतो तो वरच्या टोकाशी भांडायला. ‘देवमाणूस’ म्हटले की हे भांडण नाहीसे होते.

जातीचेही तसेच. गणपतराव धनगर समाजातले, जन्माने मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात धनगरांची संख्या मोठी. नुसत्या एका समाजाच्या मतांवर पन्नास वर्षे निघत नाहीत, हे उघड आहे. पण मराठा घराण्यांच्या हाती साखर आणि सत्ता एकवटलेल्या जिल्ह्यात असा नेता टिकतो कसा, याचे उत्तर शोधण्याऐवजी आपण एसटीच्या तिकिटाची गोष्ट सांगतो. (एकच मतदारसंघ, हेही पुरते खरे नाही. २००९ पासून पंढरपूर तालुक्यातले भाळवणी मंडळ सांगोल्याला जोडलेले आहे.)

या कथनाची खरी किंमत २०१९ साली चुकवावी लागली. नव्वदी ओलांडलेल्या गणपतरावांनी निवडणूक लढवली नाही. नातू अनिकेत उभे राहिले आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. चोवीस वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन पराभवांतली तफावत मिळून ९६० मते होते. पण माझा मुद्दा उमेदवारीचा आहे. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी ज्या पक्षाची उभारणी शेतकरी-कामगारांचे वेगळे राजकारण म्हणून केली, त्याला सांगोल्यात वारस मिळाला तो घरातून. इतकी वर्षे पक्षाचा इतिहास एका माणसाचे चारित्र्य म्हणून सांगितला गेला, की त्या चारित्र्याचा वारसा रक्तातूनच येणार असे वाटणे ओघानेच आले. कार्यकर्ता कथेत नव्हता. तो उमेदवारीतही आला नाही.

प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला तर व्यक्तिचित्रही आले नाही. १९९५ पासून २०२४ पर्यंत ज्यांना वगळून सांगोल्याचा इतिहास सांगताच येत नाही, ते शहाजीबापू महाराष्ट्राला कळले २०२२ साली गुवाहाटीहून केलेल्या एका फोनमुळे. ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील’वर राज्य हसले. त्या हसण्यात बोलीची थट्टा किती आणि पक्षांतराचा राग किती, हे निराळे करणे अवघड आहे. माझ्या मनात मात्र दुसरेच आले : पावसाची वाट पाहण्यात जन्म गेलेल्या तालुक्यातला माणूस आसामात गेल्यावर आधी झाडीच पाहणार. एका नेत्याचे संतचरित्र आणि दुसऱ्याचा विनोद झाला. दोघांच्या मधोमध उभा असलेला मतदार, ज्याने या दोघांना कधी १९२ तर कधी ७६८ मतांच्या अंतरावर आणून ठेवले, तो दोन्हीकडे दिसत नाही.

२०२४ साली दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले आणि ‘गड परत आला’ असे मथळे निघाले. २०१४ मध्ये आजोबांचे मताधिक्यही साधारण एवढेच होते, त्यामुळे मथळ्याला बळ मिळाले. पण त्या निकालात तिसरे नाव आहे : ठाकरे गटाचे दीपक साळुंखे. शेकाप आणि ठाकरे गट राज्यात एकाच आघाडीत असून सांगोल्यात एकमेकांसमोर होते. साळुंखे यांची सुमारे पन्नास हजार मते शहाजीबापूंच्या मतांत मिळवली तर बेरीज विजयी उमेदवाराच्या पुढे जाते. ती सगळी मते शहाजीबापूंकडेच गेली असती असे मी म्हणत नाही. त्यांतली बरीचशी आघाडीची, म्हणजे कदाचित देशमुखांचीही असतील. हे मतदार कोण, कोणत्या गावचे, टेंभूचे पाणी पोचलेल्या शिवारातले की न पोचलेल्या, या प्रश्नांपासून सांगोल्याचा इतिहास लिहायला घ्यायला हवा.