मूल्य आणि अंदाज : निधर्मी मानवतावाद्यांनी युद्ध व राजकारणावर बोलावे काय?

ईश्वराचा आधार न घेता मानवाची प्रतिष्ठा, विवेक आणि नीती यांवर जीवनाची उभारणी करू पाहणाऱ्यांना आपण निधर्मी मानवतावादी म्हणतो. अशा मंडळींनी, विशेषतः त्यांच्या संघटनांनी, युद्ध व राजकारण या विषयांवर जाहीर भूमिका घ्यावी काय, हा वाद त्यांच्यात जुना आहे. एक पक्ष म्हणतो, विवेकवाद ही विचार करण्याची रीत आहे. त्या रीतीने चालणारी दोन माणसे युद्धाविषयी भिन्न निष्कर्षांवर येऊ शकतात. म्हणून संघटनेने मौन पाळावे. दुसरा पक्ष विचारतो, माणसे मरत असताना माणसाचे नाव घेणाऱ्यांनी गप्प बसायचे, तर त्या नावाला अर्थ तो काय उरला? हा वाद परक्याच्या घरचा म्हणून सोडून देण्याचा मोह कॅथलिक वाचकाला होईल. तसे करू नये, कारण या वादाचे एक टोक आपल्या अंगणात आहे आणि दुसरे आपल्या वेदीपाशी.

प्रवरेकाठच्या आपल्या बेलापूर परिसराला युद्ध ही दूरदेशीची गोष्ट म्हणता येत नाही. ज्या जर्मन जेज्वीट धर्मगुरूंनी या जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत कॅथलिक श्रद्धेचे बीज पेरले, त्यांच्या मिशनवर पहिल्या महायुद्धात संकट कोसळले. केवळ राष्ट्रीयत्वामुळे अनेकांना स्थानबद्धता आणि पुढे मायदेशी पाठवणी भोगावी लागली. जर्मन स्थानबद्धांची मोठी छावणी त्या वेळी अहमदनगरलाच होती. दुसऱ्या महायुद्धात तर याच शहराच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आणून ठेवण्यात आले. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू होते. १९४४ साली त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला तो याच तटबंदीच्या आत.

नेहरू रूढ अर्थाने धार्मिक नव्हते. मानवतावादी मात्र निश्चित होते. फॅसिझमचा धोका त्यांनी फार लवकर ओळखला होता. १९३८ साली यादवी युद्धाने होरपळलेल्या स्पेनला त्यांनी भेट दिली होती. असा मनुष्य हिटलरविरुद्धचे युद्ध ऐन भरात असताना किल्ल्यात बंदिवान होता. त्याच वेळी दुसरा निधर्मी मानवतावादी, मानवेंद्रनाथ रॉय, त्या युद्धाला विनाअट पाठिंबा द्या असे देशाला बाहेर मोकळेपणाने सांगत होता. दोघेही विवेकाला मानणारे, दोघेही फॅसिझमचे शत्रू, दोघेही परकीय सत्तेच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिलेले. तरीही त्यांचे निष्कर्ष उलट दिशांना गेले. आपल्या प्रश्नाची याहून चोख कसोटी शोधूनही सापडणार नाही.

रॉय यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. हे युद्ध ब्रिटन आणि जर्मनी यांचे नव्हे. ते साऱ्या जगात पेटलेले एक यादवी युद्ध आहे. फॅसिझम जिंकला तर कोणाचेच स्वातंत्र्य उरणार नाही. तो हरला तर साम्राज्यशाहीही खिळखिळी होईल. या भूमिकेपायी त्यांनी काँग्रेस सोडली आणि १९४० च्या अखेरीस रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष स्थापन केला. महाराष्ट्रात त्यांना मोठ्या तोलामोलाचे साथी लाभले. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यांपैकी एक. सासवडला जन्मलेले बॅरिस्टर वि. म. तारकुंडे दुसरे, ते पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

नेहरूंचा युक्तिवाद निराळा होता. फॅसिझमशी लढायचे ते स्वतंत्र माणसाप्रमाणे. गुलामाला स्वातंत्र्याच्या लढाईत जुंपणे हा त्या लढाईचाच अपमान होय. सप्टेंबर १९३९ मध्ये काँग्रेसने ब्रिटनला युद्धाची उद्दिष्टे जाहीर करण्याचे आवाहन केले, त्यामागे हीच भूमिका होती.

या दोन भूमिकांतून जी ग्रंथरचना झाली, तिचा पोतही पाहण्याजोगा आहे. नेहरूंच्या ग्रंथात किल्ल्यातील खडकाळ माती खणून फुलझाडे लावणारा कैदी आहे. त्याला मातीखाली जुन्या भिंती लागतात आणि तेथून तो देशाच्या भूतकाळात शिरतो. बाहेर बंगालच्या दुष्काळात माणसे मरत आहेत, ही वेदना सुरुवातीच्याच पानांत येते. हे लेखन आत्मसंवादाचे आहे. आपल्या निर्णयाची बोचणी लेखक लपवत नाही. मित्रराष्ट्रांचा जय व्हावा ही इच्छा आणि त्यांच्याच तुरुंगात असल्याची खंत तेथे शेजारी शेजारी नांदतात. रॉय यांचे ‘न्यू ह्यूमॅनिझम’ हे १९४७ चे पुस्तक याच्या नेमके उलट आहे. त्याचा पाया बावीस सूत्रांचा. एकातून दुसरे निघते, दुसऱ्यातून तिसरे. व्यक्ती हे सर्व समाजरचनेचे माप, स्वातंत्र्याची ओढ आणि सत्याचा शोध या मानवी प्रगतीच्या मूळ प्रेरणा, हा त्याचा गाभा. त्याची तर्कशुद्धता मन वेधून घेते. परंतु शंकेला तेथे बसायला जागा नाही, आणि रॉय यांच्या राजकारणाचे दुखणे मला नेमके इथेच दिसते.

रॉय यांची चूक युद्धाविषयी बोलण्यात नव्हती. फॅसिझम मानवाचा शत्रू आहे, हे त्यांनी निर्भयपणे आणि वेळेवर सांगितले. युद्धानंतर साम्राज्य टिकणार नाही हा त्यांचा होराही पुष्कळसा खरा ठरला. तथापि ‘फॅसिझम त्याज्य आहे’ हे मूल्य आहे, तर ‘म्हणून १९४२ साली ब्रिटिश सरकारला विनाअट साहाय्य केले पाहिजे’ हा अंदाज आहे. पहिले विधान मानवतावादाच्या नावाने करता येते. दुसरे माहिती, परिस्थिती आणि संभाव्यता यांच्या हिशेबावर उभे असते; तेथे विचारी माणसाचा मतभेद संभवतो. रॉय यांनी दोन्ही विधानांना एकच शिक्का मारला. मग मतभेद करणारा चुकीचा न ठरता शत्रूचा साथीदार ठरू लागला. काँग्रेसच्या राष्ट्रवादातच त्यांना फॅसिझमची लक्षणे दिसू लागली. ज्या फॅसिझमच्या शत्रूंना इंग्रजांनी आमच्या किल्ल्यात डांबले होते, त्यांच्याविषयी हे म्हणणे अन्यायाचे होते.

त्याची किंमतही मोजावी लागली. रॉय ज्या कामगार संघटनेचे नेते होते, त्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबरला युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपयांचे अनुदान मिळे. ते उघड झाल्यावर विरोधकांना रॉय यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची गरजच उरली नाही. पैशाकडे बोट दाखवले की भागत असे. १९४६ च्या निवडणुकांत पक्षाचे पानिपत झाले. डिसेंबर १९४८ मध्ये रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षच विसर्जित केला. सत्तेची स्पर्धा माणसाच्या विवेकाला गिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता मौनाचा पुरस्कार करणारे म्हणतील, पाहा, शेवटी त्यांनाही आमचेच म्हणणे पटले. पण तसे झालेले नाही. पक्ष सोडला याचा अर्थ सार्वजनिक जीवन सोडले असा नव्हे. तारकुंडे यांचे उदाहरण घ्यावे. न्यायमूर्तिपदावरून दूर झाल्यावर १९७४ मध्ये ते जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’च्या स्थापनेत होते. १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, नागरी स्वातंत्र्यासाठी ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ ही संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. चौकशीविना माणसाला तुरुंगात ठेवू नये, या मागणीसाठी कोणत्याही अंदाजाची गरज नव्हती. म्हणून त्या व्यासपीठावर नाना मतांची माणसे एकत्र बसू शकली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनेही तोच विवेक ठेवला. समितीने निवडणुकीच्या राजकारणात उडी घेतली नाही. पण अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून सर्व पक्षांच्या आमदारांची दारे वर्षानुवर्षे ठोठावली. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी तो कायदा झाला.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. मूल्यांपुरतेच बोलायचे ठरवले, तर ‘शांतता चांगली, हिंसा वाईट’ यापलीकडे काय म्हणता येईल? आणि १९४० साली सगळेच तोलूनमापून बोलत बसले असते, तर हिटलर थांबला असता काय? आक्षेपात तथ्य आहे. कधी कधी अंदाज बांधावाच लागतो, बाजू घ्यावीच लागते, आणि उशीर हाही एक निर्णयच असतो. पण तो निर्णय व्यक्तीने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जोखमीवर घ्यावा. सगळ्यांच्या विवेकाची मोहर त्यावर उठवू नये. शिवाय मूल्यांची भाषा वाटते तितकी पोकळ नाही. निरपराध वस्तीवर बाँब टाकणे, उपासमारीचे शस्त्र करणे, विनाचौकशी कैदेत ठेवणे ही कृत्ये कोणत्या बाजूने केली हे न पाहता निषिद्ध म्हणायची, तर त्याला पुष्कळ धैर्य लागते. कारण मग आपल्या बाजूलाही ते ऐकवावे लागते.

हे सारे निरीश्वरवाद्यांना शिकवण्याच्या अधिकाराने मी लिहीत नाही. आपल्या घरातही हा रोग होऊन गेला आहे. १९३७ साली स्पेनच्या बहुसंख्य महागुरुस्वामींनी सामुदायिक पत्र काढून यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूला नैतिक बळ दिले. त्या युद्धाला ‘पवित्र युद्ध’ म्हणण्यास ज्याक मारितँ यांच्यासारख्या निष्ठावंत कॅथलिक तत्त्वज्ञाने विरोध केला, तेव्हा त्यांच्यावर स्वकीयांकडूनच टीकेचा भडिमार झाला. मूल्य आणि अंदाज यांची गल्लत करण्याला श्रद्धा असून अडसर झाला नाही, हे आपण विसरता कामा नये.

ख्रिस्तसभेने पुढे यातून धडा घेतला. पोप तेविसावे जॉन यांचे शांततेविषयीचे १९६३ चे परिपत्रक केवळ कॅथलिकांना उद्देशून नव्हते, सर्व सदिच्छ माणसांना उद्देशून होते. म्हणजे तारकुंड्यांसारख्यांनाही ते आमंत्रण होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये संपूर्ण शहरांचा सरसकट विध्वंस करणाऱ्या युद्धकृत्याचा निःसंदिग्ध निषेध केला. हे झाले मूल्य. त्याच दस्तऐवजात परिषदेने असेही शिकवले, की ऐहिक प्रश्नांवर तितकेच प्रामाणिक श्रद्धावंत वेगवेगळ्या निष्कर्षांवर येऊ शकतात, आणि अशा वेळी आपल्याच मताला ख्रिस्तसभेच्या अधिकाराचे पाठबळ आहे असा दावा कोणी करू नये. अंदाजांच्या क्षेत्राला घातलेली ही सुस्पष्ट मर्यादा आहे. धर्मगुरूने राजकीय पक्षात सक्रिय भाग घेऊ नये हा धर्मसंहितेचा सर्वसाधारण नियम त्याच विचारातून आला आहे. निवडणुकीच्या दिवसांत ‘चर्चचा आदेश आहे’ असे सांगत कोणी आपल्या दारी मत मागायला आला, तर धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने ही मर्यादा आठवावी.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे : मानवतावाद्यांनी जरूर बोलावे, माणसाची विटंबना होईल तेथे संघटनेच्या नावाने, आणि डावपेचांविषयी ज्याने त्याने स्वतःच्या नावाने. त्यांचे मौन आपल्याला परवडणारे नाही, याचा पुरावा अलीकडचा आहे. आदिवासींमध्ये काम करणारे जेज्वीट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० मध्ये अटकेत गेले. खटला उभा राहण्यापूर्वीच ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मुंबईच्या रुग्णालयात न्यायालयीन कोठडीत असतानाच त्यांचा अंत झाला. त्यांच्या अटकेविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत, ईश्वर न मानणाऱ्या तारकुंड्यांनी जिच्या पायाभरणीला हात लावला होता, ती पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज होती. त्यांचा धर्म कोणता, हे तिने विचारले नाही. उद्या एखादा निरीश्वरवादी असाच विनाचौकशी खितपत पडला, तर त्याच्यासाठी आपल्या धर्मग्रामातून आवाज उठेल काय?